सागवानी जमीन आणि कोंकणचा पाऊस

आमच्या विद्यालयाच्या सभागृहाची जमीन सागवानी फळ्यांची आहे. तिच्यावर मुलें रोज सकाळीं रांगा धरून उभीं राहतात, परीक्षेस बसतात, स्नेहसंमेलनांत नाचतात. परंतु पायांखालीं काय आहे ह्याचा विचार त्यांतील फारच थोड्यांनीं केला असेल. गेल्या पावसाळ्यांत मात्र तो सर्वांस करावा लागला, आणि पालकांच्या सभेंत "हें लांकूड काढून एकदांच्या लाद्या बसवून टाका," अशी सूचना पुढें आली. त्या सूचनेमागील राग रास्त आहे. तथापि दोष लांकडाचा कीं लांकूड बसविणाऱ्याचा, हें पाहिल्यावांचून निर्णय करणें आम्हांस उचित वाटत नाहीं. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

सभागृहाचा पूर्वेकडील अर्धा भाग जुना आहे. पश्चिमेकडील फळ्या एका ठेकेदारानें गतवर्षीं मे महिन्यांत नव्यानें घातल्या. त्या देशावरील वखारींतून ऐन उन्हाळ्यांत आल्या, आणि दुसऱ्याच दिवशीं एकमेकींस घट्ट भिडवून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, ठोकल्या गेल्या. काम आरशासारखें दिसत होतें. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यांत ती जमीन मधोमध उंटाच्या पाठीप्रमाणें वर आली. पांचवींतील एक मुलगी तेथें अडखळून पडली व तिच्या मनगटाचें हाड मोडलें. हाड आतां सांधलें आहे, पण सहामाही परीक्षा तिला डाव्या हातानें लिहावी लागली. जुन्या भागावर तोच पाऊस व तीच हवा असतां तेथील एकही फळी हलली नाहीं.

असें कां झालें? झाड तोडलें, चिरलें, वाळविलें, तरी लांकूड हवेशीं देवघेव करणें सोडीत नाहीं. हवा दमट झाली कीं तें ओलावा घेऊन फुगतें, कोरडी झाली कीं तो परत देऊन आकसतें. हा फरक लांबींत जवळजवळ नसतोच. तो रुंदींत दिसतो. ओला साग पुरता वाळविला तर वर्षवलयांच्या दिशेनें सुमारें ६ टक्के व गाभ्याच्या दिशेनें सुमारें २.५ टक्के आकसतो. इतर पुष्कळ लांकडांच्या मानानें हें प्रमाण अल्प आहे. सागाचा मान कांहीं उगीच नाहीं. मुंबईच्या गोदींत सागवानाचें बांधलेलें व १८१७ सालीं पाण्यांत सोडलेलें 'ट्रिंकोमली' हें जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही तरंगत आहे.

परंतु अल्प म्हणजे शून्य नव्हे. देशावरील मे महिन्याच्या हवेंत फळींतील ओलावा तिच्या कोरड्या वजनाच्या ७-८ टक्क्यांवर उतरतो. कोंकणांतील जुलैंत तो १६ टक्क्यांच्याही वर चढतो. तेवढ्यानें ६ इंच रुंदीची फळी २ मिलिमीटर वाढली असें धरूं. वीस फूट रुंदींत अशा ४० फळ्या. म्हणजे एकूण वाढ ८० मिलिमीटर, तीन इंचांहून अधिक! बाजूस वाव नाहीं, तेव्हां जमिनीनें वरची वाट धरली. सातवीच्या मुलांस हें गणित आम्हीं फळ्यावर करून दाखविलें तेव्हां "कोणत्या फळ्यावर, सर?" असा प्रश्न आला, तो येथें नमूद करण्याजोगा आहे.

गांवांतील एका वृद्ध मेस्त्रींस आम्हीं बोलावून आणलें. त्यांनीं नव्या भागाकडे एकदां पाहिलें व म्हटलें, "मास्तर, आमच्याकडचा पाऊस बघायच्या आधींच ठोकल्या ह्या." मग त्यांनीं जुन्या भागांतील भिंतीलगतची पट्टी उचकटून दाखविली. तिच्याखालीं भिंत व फळी ह्यांमध्यें बोटभर मोकळी जागा होती. फळ्यांखालीं तुळया, तुळयांखालीं दगडी आधार, आणि त्यांमध्यें दोन फूट पोकळी. समोरासमोरच्या जोत्यांत झरोके, त्यांतून वारा आरपार जाई. पश्चिमेकडील झरोके उंदरांच्या भयानें गिलावा करून बुजविलेले निघाले. तेथें भुईंतील ओल कोंडून राहिली, फळ्यांची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षां अधिक फुगली, व कडा उचलल्या. मेस्त्रींच्या हातीं एक लहान हातोडा होता. फळीवर तो आपटून ते आवाज ऐकत. आम्हांस सर्व आवाज सारखेच वाटले.

नोव्हेंबरांत त्या फळ्या काढल्या. झरोके उघडून त्यांस जाळी लावली. उंदरांस तेवढी पुरते. फळ्या सभागृहांतच, मधून मधून पट्ट्या घालून, महिनाभर रचून ठेविल्या. हवा ना फार कोरडी ना फार दमट अशा डिसेंबरांत त्या पुन्हां घातल्या, आणि ह्या वेळीं चारी बाजूंस जागा सोडली. लांकडांतील ओलावा मोजण्याचें हातांत मावणारें यंत्र हल्लीं मिळतें; ठेकेदारानें तेवढें जरी वापरलें असतें तरी एका मुलीचा हात वांचला असता.

निगेविषयीं थोडें सांगावयाचें आहे. ह्या जमिनीवर बादलीनें पाणी ओतूं नये. आधीं कोरडें झाडावें, मग घट्ट पिळलेलें फडकें फिरवावें. ओल्या छत्र्या व चपला ओसरीवरच राहिल्या पाहिजेत. जानेवारींत जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. खोबरेल चालत नाहीं, कारण तें वाळत नाहीं आणि त्यावर धूळ बसते. मात्र जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. ते आपोआप तापून पेट घेतात. ते पाण्यांत भिजवावे अथवा उघड्यावर सुटे पसरावे.

लाद्यांस इतकी खटपट लागत नाहीं, हें पालकांचें म्हणणें खरें आहे. पण ओल्या पायांनीं धांवणारीं मुलें लादीवरही पडतात, आणि ती लादी लांकडाहून कठीण असते. व्यवस्थापक मंडळानें निर्णय येत्या दिवाळीपर्यंत तहकूब ठेविला आहे. तोंवर पश्चिमेच्या भिंतीची हातभर पट्टी मुद्दाम सुटी ठेवून मेस्त्रींनीं आंत पेन्सिलीची रेघ ओढली आहे. जूनपासून दर सोमवारीं सातवींतील दोन मुलांनीं तेथील फट पट्टीनें मोजून आंकडा वहींत लिहावयाचा आहे.