रद्दीत निघालेली पेटी

रोहा सोडलं नाही तोच वरसे लागतं. इथं आमचं आजोळ. भाची मुंबई विद्यापीठात इतिहासात एम.ए. करते. लघुप्रबंधासाठी तिनं 'कोकणी मुसलमान' एवढा मोठा विषय धरला होता. मार्गदर्शक म्हणाले, प्रश्न लहान करा. म्हणून ईदनंतर आम्ही तिला इथं आणलं.

माळ्यावरची पेटी रद्दीत निघाली होती. आत मोडीतली खतं. मामू म्हणाले, "जमीन पहिल्यापासून आपलीच." खताच्या कडेला मात्र उर्दूत 'रेहन', म्हणजे गहाण, असं लिहिलेलं. आम्ही ते वाचून दाखवलं. मामू गप्प झाले.

भाची हळूच म्हणाली, "नाना, हाच माझा प्रश्न."

१८८३ च्या कुलाबा गॅझेटियरात जिल्हा सापडतो, आपलं घर नाही. ती आता मोडी शिकतेय. पेटी मामूंनी आपल्या पलंगाखाली ठेवली आहे.