आमच्या नदीवरचा पावना

गणपती येऊन गेले, नदीचा लोंढा ओसरला, की आमच्या वाडीखालच्या दगडांवर एक पक्षी हमखास दिसू लागतो. मैनेपेक्षा थोडा लहान. पाठ मातकट तपकिरी आणि पोट पांढरंशुभ्र. पण त्याची खरी ओळख शेपटीवरून. उभा असो की चालत असो, त्याचं मागचं अंग सारखं खालीवर होत राहतं. आम्ही पोरांनी त्यावरून त्याला ठेवलेलं नाव वार्षिकांकात छापण्यासारखं नाही. आजी मात्र त्याला ‘पावना’ म्हणायची.

कॉलेजात आल्यावर सरांनी पुस्तकातलं चित्र दाखवलं तेव्हा त्याचं नाव कळलं : तुतारी. वजन जेमतेम 50 ग्रॅम. काश्मीर, लडाख आणि त्यापलीकडे मध्य आशिया, सैबेरिया, युरोपपर्यंतच्या नद्यांकाठी त्याची वीण होते. थंडी पडण्याआधीच तो दक्षिणेकडे निघतो. आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांत हा अगदी लवकर येणारा. थवा नाही, गोंगाट नाही. एकटाच काठाकाठाने किडे-अळ्या टिपत हिंडतो. माणूस जवळ गेला तर बारीक शिट्ट्या मारीत, पंख ताठ धरून थरथरवीत, पाण्याला अगदी लागून उडतो आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा बसतो.

आमच्याकडे त्याला पाणी मिळतं त्याचीही एक गोष्ट आहे. वर मावळात ठोकळवाडीचं धरण आहे. तिथलं आंध्रा नदीचं पाणी एरवी इंद्रायणी आणि भीमेतून पूर्वेकडे गेलं असतं. ते डोंगरावरून नळांतून खाली भिवपुरीच्या वीजघरात सोडतात. हे वीजघर 1922 सालचं. वीज करून झाली की ते पाणी उल्हास नदीला मिळतं. म्हणून माघ-फाल्गुनात आजूबाजूचे ओहोळ आटले तरी आमच्या नदीला पाणी असतं. म्हणजे आमचं पाणीसुद्धा वाट बदलून आलेलं!

आजीला लडाख ठाऊक नव्हतं. तिचं पंचांग निराळं होतं. पक्षी दिसला की म्हणायची, “पावना आला. आता मुकादम येल.” आणि तो यायचाच. आम्ही कातकरी. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, कोणी आजारी असतं, कोणाचं लगीन ठरलेलं असतं. त्या वेळी मुकादम वीटभट्टीची उचल देतो. दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी मागे राहतात. आजीने मला आपल्यापाशी ठेवून घेतलं, म्हणून माझी शाळा टिकली.

फक्त सातवीत असताना आजी आजारी पडली आणि मलाही भट्टीवर जावं लागलं. पहाटे अंधारात उठून चिखल तुडवायचा, आई विटा पाडायची, मी वाळलेल्या विटा उलट्या करायची. एकदा पाण्याच्या खड्ड्यावर घमेलं धुवायला गेले, तर काठावर तोच पक्षी! तसाच शेपूट हलवीत. मला वाटलं, हा माझ्यामागे आमच्या नदीवरून आला. मी रडले. आता कळतं की तो दुसरा असणार, पाणी दिसेल तिथे हे पक्षी थांबतात. पण त्या दिवशी मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं. पुढच्या जूनमध्ये बाईंनी मला पुन्हा वर्गात बसवलं.

पुस्तकात एक गोष्ट वाचून मी थबकले. तुतारीची पिल्लं जन्मल्या दिवशीच चालू लागतात. आई बहुधा आधी निघून जाते, मागून बापही. पिल्लं नंतर आपली आपण निघतात, कधी न पाहिलेल्या वाटेने. आमच्या घरात कॉलेजची वाट कोणी पाहिली नव्हती. प्रवेशाचा फॉर्म भरताना ‘पालकाचा व्यवसाय’ या रकान्यात काय लिहावं ते मला सुचेना. पण पिल्लाला वाट रक्तातूनच मिळते, मला ती दहा जणांना विचारावी लागली.

पुस्तकात पक्ष्यांच्या जाण्याला ‘स्थलांतर’ म्हणतात. सरकारी कागदात आमच्या माणसांच्या जाण्यालाही तोच शब्द. शब्द एकच, पण पक्षी कोणाची उचल घेऊन निघत नाही. वसंतात परत जाताना त्याचा हिशेब कोणी अडवीत नाही.

आजी आता नाही. यंदा मुकादमाने नववीतल्या माझ्या भावालाही धरून तीन माणसं मोजली. मी म्हटलं, “बा, याला राहू दे. मी रांधीन, त्याचा अभ्यास घेईन.” बा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “उचल तिघांची घेतलीय. दोघांच्यानं फिटंल का?” त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही. भाऊ राहिला.

रोज संध्याकाळी आम्ही दोघं नदीवर भांडी घासतो. पावना पलीकडच्या दगडावर असतो. एप्रिल संपेपर्यंत तो जाईल, मग आई-बा येतील. किती फिटली आणि किती उरली, ते तेव्हा कळेल. तोवर भावाची परीक्षा झालेली असेल.