विस्कटलेली जाळी

उर्दू शाळेतल्या आमच्या मुलांचा त्रिकोण म्हणजे मुसल्लस, कोन म्हणजे जाविया आणि क्षेत्रफळ म्हणजे रकबा. दहावीपर्यंत हे शब्द पुरतात. अकरावीला सायन्स घेतलं की सगळं एकदम इंग्रजीत येतं. हुशार मुलंही तिथे अडखळतात, हे धाराशिव जिल्ह्यात आमच्यासारख्या शाळांत शिकवणाऱ्यांना सांगायला नको. ती का अडखळतात, याचं एक उत्तर मला बी.एड.च्या पुस्तकांत नाही, लोखंडाच्या गणितात मिळालं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात नोकरी करते. संगणकावर 'मेश' तयार करायची आणि बिघडली की दुरुस्त करायची, हे तिचं काम. मेश म्हणजे जाळी. तिच्या अब्बांचं नळदुर्गला वेल्डिंगचं दुकान आहे. ते एकदा मला म्हणाले, "आपा, जाली तो मैं भी बनाता. उसके वास्ते बेटी को इंजिनिअर कायको बनाया?" मोहल्ल्यातही हीच चर्चा होती आणि तिला परत बोलावून घ्यावं, असं घरात चाललं होतं. म्हणून ईदला ती आली तेव्हा मी तिला शाळेच्या फळ्यापाशी उभं केलं. अब्बांनाही बोलावलं.

इंजिनातला क्रँकशाफ्ट लालभडक पोलाद साच्यात दाबून घडवतात. 1961 साली स्थापन झालेली पुण्याची भारत फोर्ज ही कंपनी असे क्रँकशाफ्ट देशोदेशी पाठवते. साचा महाग असतो. तो चुकू नये म्हणून आधी सगळी घडाई संगणकावर करून बघतात. पोलादाच्या तुकड्याचे हजारो लहान भाग कल्पायचे, ते कोपऱ्यांनी एकमेकांना जोडायचे, प्रत्येकाचं गणित मांडायचं आणि सगळी गणितं एकत्र सोडवायची. या रीतीला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव अमेरिकेतल्या रे क्लफ या प्राध्यापकांनी 1960 साली दिलं.

वस्तू जराशी वाकणार असेल तर हिशेब सरळ असतो: दुप्पट जोर, दुप्पट वाक. तापलेलं पोलाद तसं वागत नाही. ते पसरतं, साच्याच्या कानाकोपऱ्यात सरकतं आणि जोर काढला तरी मागे फिरत नाही. जाळी त्याला चिकटलेली असल्याने तीही ओढली जाते. चौकोन लांबतात, तिरपे होतात आणि त्यांची उत्तरं बिघडू लागतात. शेवटी एखाद्याचा कोपरा आत दबतो आणि त्याचा जाविया 180 अंशांच्या पुढे जातो. मग त्या कोपऱ्यापाशी गणितात रकबा उणे येतो. उणे रकब्याचं लोखंड दुनियेत नसतं, म्हणून संगणक तिथेच थांबतो. लोखंड मात्र ठीक असतं. बिघडलेली असते ती आपण टाकलेली जाळी.

यावर उपाय आहेत. जोर थोडाथोडा वाढवून बघायचा. तेवढ्याने भागलं नाही तर आतला प्रत्येक सांधा शेजारच्या सांध्यांच्या मधोमध सरकवायचा. जोडणी तीच राहते, आकार सुधारतात. 1974 साली लॉस अलामॉसच्या हर्ट, अॅम्सडेन आणि कुक यांनी द्रवांच्या गणितासाठी एक मधली वाट मांडली होती: जाळी पदार्थाबरोबर पूर्ण वाहू द्यायची नाही आणि जागेवर खिळूनही ठेवायची नाही. पुढे घन पदार्थांनाही ती लावली गेली. याही पलीकडे गेलं की जुनी जाळी काढून, लोखंडाचा त्या घडीला जो आकार असेल त्यावर नवी टाकायची.

"पण आपा, जाळी टाकणं सोपं आहे," ती म्हणाली. "जुन्या जाळीवर लिहिलेलं सगळं नवीवर उतरवणं कठीण." कुठे किती ताण आहे, कुठला भाग किती दबला, किती तापला, हे सगळं नव्या ठिकाणी नेऊन मांडावं लागतं. ते विसरलं तर नवी जाळी कितीही देखणी असो, तिच्यातलं लोखंड कोरंच. उतरवतानाही थोडं हरवतं. पुन्हापुन्हा उतरवलं की ताणाची टोकं बोथट होतात. म्हणून उतरवल्यावर सगळे जोर पुन्हा जुळतात का, ते तपासून मगच पुढे जायचं.

मला आमची अकरावी दिसली. एका कॉलेजात या मुलीला पहिल्याच महिन्यात सांगितलं गेलं होतं की उर्दूत शिकलेलं सगळं विसरून जा. म्हणजे नवी जाळी टाकली आणि दहा वर्षांचं शिकणं उतरवूनच घेतलं नाही. मुसल्लसच्या तीन कोनांची बेरीज ट्रँगलमध्येही 180 च असते, एवढं सांगायला कुणाला दोन मिनिटं नव्हती. ती रात्र रात्र बसून ते काम एकटीने करत राहिली. सगळ्यांना ते जमत नाही. आता दहावीच्या वर्गाकडून मी एक वही करून घेते: डावीकडे उर्दू शब्द, मध्ये आकृती, उजवीकडे मराठी आणि इंग्रजी.

अब्बा इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, पत्र्याची पट्टी एकाच जागी दोनतीनदा वाकवली की तिथेच तुटते. आधी किती वाकली, ते तिला ठाऊक असतं. "म्हणजे तू हाच हिशेब ठेवतेस?"

ती हो म्हणाली. त्यांनी हातावरचं घड्याळ पाहिलं आणि पुण्याची गाडी किती वाजता आहे, ते विचारलं.