पायली, वाटी आणि वजनकाटा

कोरड्या जिन्नसाचे माप वजनात आणायचे तर तीन गोष्टी ठाऊक लागतात: भांड्यात किती मावते, जिन्नस कोणता आणि तो भरला कसा. तयार तक्ते तिसरी गोष्ट सहसा गाळतात आणि घोळ तिथेच होतो. ‘एक कप म्हणजे 250 ग्रॅम’ हे घरोघरी पोचलेले समीकरण 250 मिलिलिटरच्या कपातल्या पाण्यापुरतेच खरे आहे. त्याच कपात बारीक मीठ 300 ग्रॅमच्या आसपास भरते, तर मुरमुरे जेमतेम 15.

यवतमाळ जिल्ह्यात धान्य पिढ्यान्‌पिढ्या मापानेच मोजले गेले. खळ्यावर मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची जुनी रीत. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. शेर मात्र दोन होते. वजनी शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅमचा. मापी शेराचे वजन धान्यागणिक बदले. त्यातून पायलीही सगळीकडे सारखी नसे. 1956 च्या कायद्यानंतर, ऑक्टोबर 1958 पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली. आज वणी, पुसद, दिग्रसच्या बाजार समित्यांत सौदा क्विंटलवर होतो. स्वयंपाकघरात मात्र वाटीचेच राज्य आहे.

धान्याधान्यांतला फरक अमेरिकी बुशेलवरून नीट दिसतो. हे माप 35.24 लिटरचे. व्यापारात एक बुशेल गहू 60 पौंडांचा धरतात, ज्वारी 56 पौंडांची. म्हणजे लिटरमागे गहू सुमारे 772 ग्रॅम, ज्वारी 721. चार लिटरच्या डब्यात गहू 3.1 किलो बसेल, ज्वारी 2.9 किलो. उरलेली जागा दाण्यांमधली हवा व्यापते. डबा आपटला की दाणे खाली बसतात, आणि त्याच डब्यात आणखी एक मूठ सहज मावते.

खरा वाद शिगेचा. ‘शीग म्हणजे वरचे चार दाणे’ हा समज चुकीचा आहे, आणि कितीही सांगितले तरी तो जात नाही. शीग हा शंकू असतो. त्याचा उतार दाण्यावर आणि आकार भांड्याच्या तोंडावर ठरतो. उतार 27 अंशांचा धरला आणि सरळ काठाच्या भांड्याची उंची तोंडाच्या रुंदीइतकी असली, तर शीग सपाट मापाच्या सुमारे साडेआठ टक्के भरते. उंची रुंदीच्या निम्मी असली तर तीच 17 टक्क्यांवर जाते. दोन्ही भांडी सपाट भरून सारखीच मावत असली तरी पसरट भांडे शिगेला दुप्पट देते. घेणाऱ्याला पसरट माप आवडे आणि देणाऱ्याला उभे, यात नवल नाही. पाककृतीत नुसते ‘एक वाटी’ लिहिणे म्हणजे हाच वाद वाचकाच्या गळ्यात मारणे.

पिठात घोळ आणखी वाढतो. 200 मिलिलिटरच्या वाटीत चाळलेले बेसन हलक्या हाताने भरले तर 80 ग्रॅमच्या आसपास बसते. दाबून भरले तर 110 च्या पुढे जाते. पातोडीसाठी पाणी तेवढेच घेतले तर पहिल्या वाटीचे पीठ थापता येत नाही, दुसरीचे गोळा होऊन बसते. दोष मात्र बेसनाला आणि गिरणीला लागतो. रवा, साखर, तांदूळ यांत दाबण्याने इतका फरक पडत नाही. 200 मिलिलिटरच्या सपाट वाटीत रवा सुमारे 140 ग्रॅम, तांदूळ 160 आणि साखर 170 धरावी.

तरीही दुसऱ्याच्या तक्त्यापेक्षा स्वतःची वाटी मोजलेली बरी. रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा. काठोकाठ पाणी भरावे. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. वाटी कोरडी करून तोच जिन्नस एकाच पद्धतीने तीनदा भरावा, सुरीच्या पाठीने सपाट करावा, तिन्ही वजनांची सरासरी काढून डब्याच्या झाकणावर लिहावी. पीठ असेल तर ‘चाळून’ की ‘न चाळता’ हेही लिहावे. हळद, हिंग, सोडा यांना मात्र हा उपाय लावू नये. घरचा काटा एका ग्रॅमपर्यंतच दाखवतो. दोन ग्रॅम हळदीत अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे पाव हिस्सा. तिथे चमचाच जास्त भरवशाचा.