दोन फुटांना एक इंच

मोठी वस्तू लहान करून पाहण्याचा माणसाला मोठा नाद आहे. एरवी थोरपणाच्या मागे धावणारा हा प्राणी घरात मात्र चिमुकल्या वस्तूंवर जीव टाकतो. मुली भातुकलीत परातीएवढ्या जागेत अख्खा संसार मांडतात. पोळ्याला आमच्या वऱ्हाडात खऱ्या बैलांबरोबर मातीच्या आणि लाकडाच्या बैलांचीही पूजा होते. पुण्याकडची मुले दिवाळीत अंगणात किल्ला रचतात आणि त्या दोन हात उंचीच्या गडावर शिवाजीमहाराज सुखाने राज्य करतात. खरी वस्तू हाती लागत नाही म्हणून आपण ती हातात मावेल एवढी करून घेतो, असे मला पूर्वी वाटे. गेल्या पावसाळ्यात आमच्या खामगावच्या घरी एक विमान तयार झाले आणि या मताला थोडी मुरड घालावी लागली.

विमानाचे वेड माझे नव्हे, मुलाचे. मी शाळामास्तर, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझी पात्रे फार तर एस.टी.ने प्रवास करतात. मुलाच्या वह्यांच्या मागच्या पानांवर मात्र पहिलीपासून विमानेच होती. हवाई दलात जायचे आणि लढाऊ विमान चालवायचे, यापलीकडे त्याला दुसरे काही सुचलेच नाही. अठराव्या वर्षी तो लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला, मुलाखतीही पार पडल्या आणि वैद्यकीय तपासणीत एका पुस्तकापाशी त्याची गाडी अडली.

ते पुस्तक ठिपक्यांच्या चित्रांचे. शिनोबु इशिहारा या जपानी नेत्रवैद्याने ते 1917 साली प्रसिद्ध केले. रंगीत ठिपक्यांच्या गर्दीत एक आकडा लपवलेला असतो. निकोप डोळ्याला जिथे 74 दिसतो, तिथे लाल-हिरव्याची गल्लत करणाऱ्याला 21 दिसतो. माझ्या मुलाला 21 दिसला. ही उणीव त्याची त्यालाही ठाऊक नव्हती. अशी माणसे वस्तूच्या जागेवरून, उजेड-सावलीवरून रंग ताडतात आणि त्यांचे सारे सुरळीत चालते. फक्त लढाऊ विमान चालवता येत नाही.

हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला मात्र सगळे रंग नीट दिसतात. डॉक्टरांनी हे समजावून सांगितले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींना आपले वडील आठवले. पिकला टोमॅटो ते बोटाने दाबून ओळखत. बाजारात सगळे त्यांना चिकित्सक म्हणत! ही आठवण सांगताना ती हसली, आणि मग दोन दिवस नीट जेवली नाही.

मुलगा रडला नाही, रागावला नाही. त्याने वह्या बांधून माळ्यावर टाकल्या आणि तो गप्प झाला. पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी तो म्हणाला, "बाबा, आपण एक नॅट करू या. लाकडाचे." मी तत्काळ होकार दिला. त्या पंधरा दिवसांत त्याने मागितलेली ती पहिली वस्तू होती.

नॅट म्हणजे चिलट. विमाने दिवसेंदिवस जड आणि महाग होत चालली, हे पेटर नावाच्या इंग्रज आरेखकाला पटेना. म्हणून त्याने हे चिमुकले विमान आखले. ते 1955 साली उडाले. इंग्लंडच्या हवाई दलाने लढण्यासाठी ते घेतले नाही, शिकाऊ वैमानिकांसाठी मात्र त्याची दोन आसनांची आवृत्ती घेतली. भारताने 1956 साली करार केला आणि पुढे बंगलोरला ही विमाने तयार होऊ लागली. 1965 च्या युद्धात या चिलटाने अमेरिकन बनावटीची सेबर विमाने पाडली आणि 'सेबरचा काळ' असे नाव कमावले. सेबरचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे 37 फूट, नॅटचे अवघे 22! पाच फुटी मास्तराला अशा गोष्टी ऐकून जो आनंद होतो, तो उंच वाचकांना कळायचा नाही.

आम्ही प्रमाण ठरवले : दोन फुटांना एक इंच. म्हणजे पंख 11 इंच, लांबी साडेचौदाच्या आसपास. वैमानिकाचे शिरस्त्राणासकट डोके काबुली चण्याएवढे. आकृती घेऊन आम्ही ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. पोळ्याचे लाकडी बैल करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. कागद उलटसुलट करून ते म्हणाले, "मास्तर, बैल म्हना, दहा करून देतो. पन ह्या इमानाचं वशिंड कुठी अन् शेपूट कुठी, हे तुमीच दाखवा." शेवटी पांगाऱ्याचा एक वाळलेला, हलका ठोकळा त्यांनी काढून दिला, पैसे घेतले नाहीत.

धड तासायला तीन रविवार गेले. नॅटचे पंख पाठीलगत बसवलेले, मागे कललेले आणि टोकांकडे किंचित खाली झुकलेले. तो झुकाव साधेपर्यंत प्लायवुडच्या तीन जोड्या फुकट गेल्या. दोन्ही कुशींना हवा आत घेणारी तोंडे कोरली. पारदर्शक बाटली कापून वैमानिकाच्या डोक्यावरचे छत झाले. सांध्यांत लांबी भरायची, वाळू द्यायची, पॉलिशपेपरने घासायची. पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. या कामात बोलावे लागत नाही, आणि बोललेच तर समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही. मुलगा हळूहळू बोलू लागला. तपासणीच्या त्या खोलीविषयी, बरोबरच्या मुलांविषयी, परतीच्या गाडीविषयी. मी घासत राहिलो.

मग रंगाची वेळ आली. 1965 मध्ये नॅट विमाने बहुतेक चंदेरीच होती. मी म्हटले, "चंदेरी देऊ. खामगावचे विमान, चांदीचेच शोभेल!" मुलाने माझ्याकडे पाहिले. "बाबा, तुम्ही माझ्यासाठी सोपा रंग निवडताय. आपण एकाहत्तरचे करायचे."

तोपर्यंत या विमानांवर जमिनीशी मिळून जाणारे पट्टे आले होते. 14 डिसेंबर 1971 रोजी श्रीनगरच्या तळावर सहा सेबर चालून आली. धावपट्टीवर बाँब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखोंनी आपले नॅट वर उचलले आणि ते त्या सहांशी भिडले. ते परतले नाहीत. हवाई दलात परमवीरचक्र मिळालेले ते एकटेच. मुलाला त्या दिवसाचे विमान हवे होते.

त्याने डब्यांवर रंगांची नावे लिहून घेतली आणि पट्टे स्वतः ओढले. हवाई दलाचे वर्तुळही त्यानेच कंपासने काढले : बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. त्याच्या डोळ्यांना ते कसे दिसत होते, कोण जाणे. पण रेषेबाहेर कुठे रंग गेला नाही.

वाळण्यासाठी ते विमान परसात लिंबाच्या पडक्या पानांवर ठेवले होते. सौभाग्यवती कपडे काढायला निघाली आणि फाटकातून मुलगा ओरडला, "आई, पाय जपून! विमान आहे!" ती चार पावलांवर होती, तिला ते दिसले नव्हते. मलाही पटकन दिसेना. त्याला मात्र वीस पावलांवरून दिसले. नंतर मी वाचले, की रंगांनी झाकलेला आकार अशा माणसांना कधी कधी इतरांपेक्षा चांगला ओळखता येतो. 1992 साली संशोधकांनी हे प्रयोगाने दाखवले. इशिहाराच्या पुस्तकातही अशी काही पाने आहेत, जिथे निकोप डोळ्याला काहीच दिसत नाही आणि या मुलांपैकी बहुतेकांना आकडा दिसतो. मी हे त्याला सांगितले. तो म्हणाला, "हो, मला दिसला होता." एवढेच. यावर एखादा सुविचार सांगावा असे माझ्यातल्या मास्तराला वाटले. माझ्यातल्या बापाने त्याला गप्प बसवले. अशा सुविचाराने कुणाला विमान मिळत नाही.

शेवटचा प्रश्न चाकांचा होता. चाके मिटलेली दाखवायची आणि आकाशकंदिलाशेजारी दोऱ्याने टांगायचे, हा माझा बेत. नॅटची गंमत अशी, की हवेत वेग कमी करायलाही ते हीच चाके अर्धवट खाली सोडी. तेव्हा अर्धवट ठेवू, अशी तडजोडही मी सुचवली. मुलाने ऐकले नाही. त्याने तिन्ही चाके पूर्ण खाली बसवली, छत उघडे ठेवले आणि विमान फळीवर टेकवले.

"उडताना छान दिसले असते," मी म्हटले.

"नको. हे परत आलेले आहे, बाबा."

धनत्रयोदशीला त्याच्या आईने फळीवर एक पणती ठेवली. रंग तेलाचा म्हणून त्याने ती उचलून हातभर दूर सरकवली आणि माळ्यावरच्या वह्या खाली काढायला शिडी मागितली.