डेव्हिस सभागृहातील लांडगा

सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनाचा सोनेरी घुमट जेथून स्पष्ट दिसतो, तेथेच तिरकस समोर १९८० साली उघडलेले डेव्हिस सिंफनी हॉल आहे. मिलपिटास, फ्रेमाँटकडे मुलानातवंडांना भेटावयास गेलेल्या आजीआजोबांनाही येथे पोहोचणे अवघड नाही. बार्ट रेल्वेने सिव्हिक सेंटर स्थानकावर उतरावे आणि दहाएक मिनिटे चालावे.

नाताळाच्या सुमारास येथे रंगमंचावर बसतात ती मुलेच. १९८१ साली स्थापन झालेल्या या युवा वाद्यवृंदात बारा ते एकवीस वयाचे शंभरांहून अधिक वादक असतात. प्रवेश चाचणी देऊन मिळवायचा. मात्र शुल्क काहीच नाही, आणि शिकवावयास शहराच्या मुख्य सिंफनीचे वादक! ज्या शहरात मोटार उभी करण्याचेही भरमसाट दाम पडतात, तेथील हा हिशेब व्यापारी मनालाही थबकविणारा आहे.

या मैफलीचे मुख्य आकर्षण म्हणजे सर्गेई प्रोकोफिएव्ह याने १९३६ साली मॉस्कोच्या बालरंगभूमीसाठी रचलेले ‘पीटर आणि लांडगा’. निवेदक कथा सांगतो आणि प्रत्येक पात्र आपल्या वाद्यातून बोलते. पक्षी म्हणजे बासरी, मांजर म्हणजे क्लॅरिनेट, कुरकुरणारे आजोबा म्हणजे जाडजूड बसून. बदकाला मिळाला आहे ओबो. आपल्या सनईप्रमाणेच दुहेरी पत्तीचे हे वाद्य ओठांचा दाब जरा चुकला तरी रुसते. एवढ्या मोठ्या सभागृहात ते एकट्याने वाजविण्याची जबाबदारी शाळाकॉलेजच्या वयातील वादकावर असते.

तीन हॉर्न घुमू लागले की लांडगा अवतरतो. तो बदकाला गिळतो. पीटर शेपटीला फास टाकून त्याला पकडतो; तेवढ्यात शिकारी येतात आणि नगारे बंदुकांसारखे कडाडतात. येथे पीटर त्यांना थांबवितो. गोळी घालू नका, म्हणतो. लांडग्याची मिरवणूक प्राणिसंग्रहालयाकडे निघते. पिंजरा म्हणजे काही अभयारण्य नव्हे, हे खरे. पण शिकारकथेत शिकारच टळावी, ही गोष्ट थोडी नाही.

मिरवणुकीच्या गजरानंतर ओबोचा क्षीण सूर पुन्हा येतो. बदक लांडग्याच्या पोटात जिवंतच आहे. पुढे सणाची परिचित गीते होतात, प्रेक्षकही त्यांत सूर मिसळतात. सभागृहाच्या पायऱ्या उतरताना चिमुकल्यांचा प्रश्न मात्र एकच असावा: ते बदक आता बाहेर कसे येणार?