घाटावरचा फलक

निवृत्त शिक्षकास दोन व्यसने हटकून जडतात. एक पहाटे उठण्याचे आणि दुसरे अर्ज करण्याचे. पहिल्याने प्रकृतीस लाभ होतो. दुसऱ्याने काय होते, ते प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. आणि ते सांगताना आमचा स्वतःचाच दोष उघड करणे प्राप्त असल्यामुळे वाचकांनी थोडे सांभाळून घ्यावे, अशी प्रारंभीच विनंती आहे.

आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेले. पुढे पाठशाळेत काव्य, व्याकरण आणि थोडासा न्याय वाचला व चौतीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले. गाव नदीकाठचे, कुटुंब एकत्र. थोरले बंधू निवर्तल्यापासून घरातील वडीलपणा वहिनींकडे होता. त्या लग्न होऊन ह्या घरात आल्या, तेव्हा आम्ही जेमतेम चार-पाच वर्षांचे होतो. तरी त्या दिवसापासून त्यांनी आम्हांस 'भाऊजी' म्हटले आणि शेवटपर्यंत 'अहो-जाहो' केले. कार्तिकस्नानाचा त्यांचा नेम साठ वर्षांचा. अलीकडे पायऱ्या उतरताना त्या आमच्या खांद्यावर हात ठेवीत. एवढाच काय तो वयाचा परिणाम.

दोन वर्षांपूर्वीच्या कार्तिकातील गोष्ट. पहाटे आम्ही दोघे घाटावर गेलो, तो सर्व वाट दोराने अडवलेली. वर रस्त्यात जनरेटरची गाडी धडधडत होती, आणि जेथे एरवी आकाशदिव्याचा उजेड पडावयाचा, तेथे डोळे दिपवणारे मोठाले दिवे लावले होते. एक तरुण पुढे येऊन म्हणाला, "आजोबा, शूटिंग चालू आहे. मागे व्हा. परमिशन आहे."

"कोणाची? कागद पाहू."

"ते ऑफिसात विचारा."

वहिनी हातात तबक घेऊन तासभर उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "चला भाऊजी, उजाडले." घरी येऊन त्यांनी न्हाणीघरात स्नान केले. त्या विषयी त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत. परंतु साठ वर्षांचा नेम आमच्या डोळ्यांदेखत मोडला, ही गोष्ट आमच्या मनातून जाईना.

नगरपालिकेत चौकशी केली. तेथील कारकून आमचा विद्यार्थी. त्याने कागद दाखवला. परवानगी होती खरी; पण ती घाटाच्या अर्ध्या भागापुरती आणि सूर्योदयानंतरची! हे गावात कोणास ठाऊक नव्हते, कारण तो कागद कचेरीतील फायलीबाहेर कधी आलाच नव्हता. वास्तविक विचारी मनुष्याने येथेच ओळखावे की, दोष कॅमेऱ्याचा नसून दोराचा आहे, आणि तो झाकून ठेवलेल्या कागदाचा आहे. परंतु आम्ही त्या वेळी विचारी नव्हतो. आम्ही रागावलेले होतो.

रागाच्या भरात आम्ही चार पानी अर्ज लिहिला. त्यातील मुख्य वाक्य आजही आम्हांस पाठ आहे: "घाटावर, देवळाच्या आवारात व तत्संलग्न रस्त्यावर परवानगीवाचून कोणीही, कोणत्याही वेळी, कोणत्याही प्रकारच्या कॅमेऱ्याने चित्रण करू नये." हे 'कोणीही, कोणत्याही' लिहिताना आम्हांस केवढा अभिमान वाटला होता! चाळीस सह्या झाल्या. दोन महिन्यांत घाटावर लोखंडी फलक लागला: 'विनापरवाना चित्रीकरणास सक्त मनाई.' लोकांनी अभिनंदन केले आणि आम्ही ते घेतले.

पुढे मे महिन्यात वहिनींचा नातू न्यूयॉर्कहून सुटीवर आला. तो तेथे चित्रपटाचे शिक्षण घेतो. त्याची एकच इच्छा होती. कोणत्या वर्षी पुराचे पाणी कितव्या पायरीस लागले, कोणत्या दगडावर कोणत्या आळीच्या बायका धुणे धूत, नावेने पैलतीरी कोण कशासाठी जात, हे आजीच्या तोंडून घाटावरच ऐकावे आणि टिपून ठेवावे. हातात मावेल एवढा कॅमेरा, एक तिपाई आणि एक आजी. ह्याहून अधिक लवाजमा नव्हता. वहिनींनी ठेवणीतले लुगडे काढले. दोघे पायरीवर बसतात न बसतात, तोच पहारेकऱ्याने फलकाकडे बोट दाखवले.

नातू घरी आला आणि सरळपणे विचारता झाला, "आजोबा, हा नियम कोणी केला हो?"

आम्ही काय उत्तर द्यावे? त्याने अर्ज केला. साहेब बाहेरगावी, मग शुल्काची पावती, मग पोलीस ठाण्याचा दाखला. ह्यात त्याची सुटी संपली. घरात ओसरीवर बसून सांगा, असे वहिनींस म्हणून पाहिले. त्या दोन वाक्ये बोलल्या आणि थांबल्या. "घाटाचे घाटावर सांगेन. भिंतीकडे बघून नदी कशी सांगायची?"

श्रावणात वहिनी गेल्या. चार दिवसांचा ताप, एवढेच निमित्त झाले. त्यांची छायाचित्रे घरात पुष्कळ आहेत. आवाज मात्र त्या दोन वाक्यांपुरताच उरला.

नातू परत जाण्याच्या आदल्या रात्री त्याने आम्हांस जी हकीकत सांगितली होती, ती आता मुद्दाम येथे देतो. कारण आमच्या चुकीचे नीट निदान आम्हांस तीवरून झाले.

न्यूयॉर्क शहरात चित्रीकरणाच्या परवान्यांसाठी स्वतंत्र कचेरी १९६६ साली, जॉन लिंडसे हे महापौर असताना निघाली. तोवर चित्रपट काढणारास अनेक खात्यांचे उंबरठे झिजवावे लागत. ते काम एका ठिकाणी आले. आपल्या राज्यातही गोरेगावच्या चित्रनगरीचा कारभार पाहणाऱ्या महामंडळाकडे 'एक खिडकी' म्हणून जी व्यवस्था आहे, तिचा हेतू हाच. परंतु मोठ्यांसाठी खिडकी उघडली, म्हणून लहानांची वाट मोकळी होतेच असे नाही. २००५ सालच्या मे महिन्यात मुंबईचे माहितीपटकार राकेश शर्मा मॅनहॅटनच्या रस्त्यावर हातातील लहान कॅमेऱ्याने टॅक्सीच्या विषयावर चित्रण करीत होते. पोलिसांनी त्यांस हटकले, काही तास अडकवून ठेवले आणि परवाना आणावयास सांगितले. त्यांनी परवाना मागितला, तो नाकारला गेला. परवाना कोणास लागतो व कोणास लागत नाही, ह्याविषयी स्पष्ट लेखी नियमच शहरापाशी नव्हते. शर्मांनी २००६ साली तेथील नागरी हक्कांच्या संस्थेच्या साहाय्याने दावा लावला, आणि नियम लिहून काढण्याचे शहराने तडजोडीत मान्य केले.

गंमत पुढेच आहे. २००७ साली नियमांचा जो मसुदा निघाला, तो असा: दोन किंवा अधिक माणसे कॅमेरा घेऊन एका ठिकाणी अर्ध्या तासाहून अधिक राहिली, तर परवाना हवा, पाच माणसे तिपाई घेऊन दहा मिनिटे राहिली, तरी हवा, आणि त्यासोबत दहा लाख डॉलरांचा विमा! म्हणजे सहकुटुंब सहलीस गेलेल्या आणि एकमेकांचे चित्रण करणाऱ्या मंडळींनाही हा नियम लागू होऊ शकला असता. छायाचित्रकार, कलावंत आणि सामान्य नागरिक ह्यांनी एवढा गिल्ला केला की, शहराला तो मसुदा मागे घ्यावा लागला. २००८ साली जे नियम ठरले, त्यांत माणसे आणि मिनिटे मोजणे सोडून दिले. हातातील कॅमेरा असो वा तिपाईवरचा असो, त्यास परवाना नको. मात्र अर्ध्याहून अधिक पदपथ व्यापला, चालणाऱ्यांस ८ फुटांहून कमी वाट उरली, रस्त्याची एखादी मार्गिका अडवली, अथवा गाड्या आणि अवजड सामान आणले, तर परवानाही हवा आणि विमाही हवा.

हे ऐकून आम्ही बराच वेळ गप्प बसलो. चौतीस वर्षे आम्ही मुलांस काय शिकवले? लक्षणाचे दोष! 'शिंगे असलेला प्राणी ती गाय' असे म्हटले, तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. 'तांबडी ती गाय' म्हटले, तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. नियम करणे म्हणजे एका परीने लक्षण करणेच आहे. आम्हांस बंदी हवी होती वाट अडवणारास. ती सोडून आम्ही शिंगांकडे बोट दाखवले, म्हणजे कॅमेऱ्याकडे. आणि कॅमेरा तर नातवाच्याही हातात होता. न्यूयॉर्ककरांनी आपली अतिव्याप्ती वर्षभरात ओळखून सुधारली. आमची ओळखण्यास आम्हांस एक माणूस गमवावे लागले.

बरे, ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला, त्यांचे काय झाले? वहिनींच्या पाठीमागून आलेल्या कार्तिकात पुन्हा एक कंपनी आली. तिच्याजवळ सर्व कागद होते. कागद करण्यासाठी तिच्या पदरी पगारी माणसेच असतात. पुन्हा दोर बांधला गेला, पुन्हा वाट अडली, आणि दोराचे एक टोक आमच्याच फलकाच्या खांबास बांधलेले होते.

येथे कोणी विचारील की, घाटावर स्त्रिया स्नान करितात. हवा त्याने हवे ते टिपावे काय? मुळीच नाही. परंतु तो विषय निराळा आहे. स्नान करणाऱ्या स्त्रीचे चित्र घेणे ही दुर्वर्तनाची गोष्ट. ती परवाना असलेल्यानेही करू नये आणि नसलेल्यानेही करू नये. त्यास स्वतंत्र मनाई असावी. दोन निराळ्या रोगांवर एकच मात्रा देणारा वैद्य आपण पत्करतो काय?

ह्या प्रसंगी आम्हांस सावेदादांची आठवण होते. रँग्लर परांजपे केंब्रिजचे यश मिळवून १९०१ साली मुंबईस परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचे चलच्चित्र हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी घेतले. हेच सावेदादा. कॅमेरा परदेशातून मागवलेला, माणूस एकटा, आणि प्रसंग चार लोकांच्या गर्दीतला. त्या दिवशी किनाऱ्यावर आमच्यासारख्या एखाद्या अर्जदाराचा फलक लागलेला असता, तर आपल्या चित्रपटाच्या इतिहासातील पहिल्या पानांपैकी एक पान कोरे राहिले असते.

गेल्या महिन्यात आम्ही दुसरा अर्ज केला आहे. ह्या खेपेस तो एकाच पानाचा आहे. कलमे चार: जो वाट, पायऱ्या किंवा रस्ता अडवील, त्यासच परवानगी लागावी, तिचा कागद, तास आणि जागेसह, आदल्या दिवशी घाटावर लावावा, स्नानास आणि अंत्यविधीस जाणाऱ्यांची वाट कोणत्याही परवानगीने बंद होऊ नये, आणि वाट न अडवता हातातील किंवा तिपाईवरील कॅमेऱ्याने चित्रण करणारास कोणी हटकू नये. सह्या अकराच मिळाल्या. पहिल्या वेळी राग होता, त्यामुळे चाळीस सहज झाल्या होत्या.

अर्ज घेताना कारकुनाने विचारले, "गुरुजी, मग तुमच्या जुन्या अर्जाचे काय करू? फायलीतून काढून टाकू?"

आम्ही म्हटले, "नको बाबा. तो ह्यालाच पाठीमागे जोडून ठेव. साहेब नवा वाचतील, तेव्हा जुनाही वाचू दे."

फलक अद्याप तेथेच आहे. पहाटे आम्ही घाटावर जातो, तेव्हा त्याच्याजवळून जावे लागते. वहिनी ज्या पायरीवर सांगावयास बसल्या होत्या, ती पाण्यापासून सातवी. कोणत्या वर्षीचा पूर त्या पायरीस लागला होता, हे त्या सांगणार होत्या. आता ते घरात कोणासच ठाऊक नाही.